खाडीचा तळ आणि खाडीचं तोंड : प्रवाहाचं सिम्युलेशन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

उधाणाच्या ओहोटीला रत्नागिरीजवळ भाट्ये खाडीच्या तोंडाशी एकाच पाण्यात दोन खेळ चाललेले असतात. त्यातला एक डोळ्यांना दिसतो. काजळी नदीचं गढूळ पाणी जोराने समुद्रात घुसतं, शेजारचं पाणी जवळजवळ थांबलेलं असतं आणि दोघांच्या मधल्या फेसाच्या रेघेवर भोवरे वळत जातात. दुसरा खेळ तळाशी चालतो. वाळूला टेकलेल्या पाण्याचा वेग शून्य असतो आणि तिथून वर येताना तो झपाट्याने वाढतो. तोंडाशी दिसतो तो मोकळा शिअर (शेजारच्या थरांच्या वेगांत फरक असलेला) प्रवाह, तळाशी असतो तो भिंतीलगतचा. देवबागला कर्ली नदीच्या तोंडाशी किंवा जयगडला शास्त्री नदीच्या तोंडाशी गेलात तरी हीच जोडी भेटेल.

दोन्हीकडे समीकरणं तीच, द्रवाच्या गतीची, नाविए-स्टोक्सची. ती सोडवणारा प्रोग्राम, म्हणजे सॉल्व्हरही तोच चालतो. मात्र नवखा माणूस एका प्रवाहावर शिकलेली काळजी दुसऱ्यावर जशीच्या तशी लावतो आणि तिथे फसतो. भिंतीचा प्रवाह बिघडतो तो भिंतीजवळच्या मेशमुळे, म्हणजे जागेचे छोटे तुकडे (सेल) पाडणाऱ्या जाळीमुळे. मोकळा प्रवाह बिघडतो तो सुरुवात कशी केली आणि पेटी, म्हणजे हिशेबाची जागा, केवढी घेतली यामुळे. पुढच्या सगळ्या पायऱ्या या फरकाभोवतीच आहेत.

पहिली पायरी : खऱ्या खाडीला हात लावण्याआधी कागदावर हिशेब

आपल्याकडच्या मुलांना पहिल्याच दिवशी खाडी सोडवायची असते. इच्छा चांगली आहे, पण आधी हा हिशेब करा. खोली ४ मीटर, वेग सेकंदाला १ मीटर. पाण्याचा कायनेमॅटिक चिकटपणा सेकंदाला साधारण एक चौरस मीटरचा दहा लाखावा भाग. म्हणजे रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले लांबी भागिले चिकटपणा) ४० लाख. तळाशी घर्षण-वेग (तळावरचा ताण वेगाच्या मापात) मुख्य वेगाच्या पंचविसाव्या भागाइतका धरला तर तो ०.०४ मीटर प्रति सेकंद येतो. चिकटपणाला या वेगाने भागलं की भिंतीजवळची लांबीची मोजपट्टी मिळते : ०.०२५ मिलिमीटर. बारीक वाळूचा कणसुद्धा यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

आता खोलीला त्या मोजपट्टीने भागा. उत्तर १ लाख ६० हजार. याला घर्षण रेनॉल्ड्स अंक म्हणतात. ली आणि मोझर यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चॅनलच्या थेट, म्हणजे मॉडेल न लावता सगळे भोवरे सोडवणाऱ्या, सिम्युलेशनमध्ये हा अंक सुमारे ५,२०० होता आणि त्यासाठी त्यांना १२ हजार कोटी बिंदू लागले. तेव्हा खाडी मॉडेलशिवाय कुणालाच सोडवता येत नाही. त्यात तिथे गोडं पाणी वर आणि खारं खाली, उथळ तळाचं घर्षण, वर लाटा. बंदरांची कामं करणारे लोक यासाठी खोलीची सरासरी घेतलेली वेगळी मॉडेलं वापरतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात तर आजही बंदरांच्या छोट्या प्रतिकृती बांधून त्यात पाणी सोडतात.

आपण दोन साध्या केस घेऊ. तळासाठी दोन सपाट भिंतींमधलं चॅनल आणि तोंडासाठी उलट दिशेने सरकणाऱ्या दोन थरांची मिक्सिंग लेअर.

दुसरी पायरी : सामान

चार कोअरचा लॅपटॉप, लिनक्स, प्रवाह सोडवायला ओपनफोम, चित्रं पाहायला पॅराव्ह्यू आणि आलेख काढायला पायथन. सगळं फुकट आहे. विकतच्या सॉफ्टवेअरचा हट्ट धरू नका. शिकताना आत कोणती स्कीम (समीकरणं आकड्यांत मांडण्याची रीत) चालली आहे ते फाइल उघडून दिसायला हवं.

तिसरी पायरी : चॅनल

ओपनफोमसोबत ‘चॅनल३९५’ नावाची तयार केस येते. तिची नक्कल करून घ्या. भिंतींमधलं अर्धं अंतर १ मीटर, पेटी ४ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, चिकटपणा एक लाखांश गुणिले दोन, सरासरी वेग ०.१३३५. लांबी आणि रुंदी या दोन्ही दिशा पिरियॉडिक, म्हणजे एका टोकाने गेलेलं पाणी दुसऱ्या टोकाने परत येतं. त्यामुळे इनलेटवर (पाणी आत येण्याच्या टोकाला) काय द्यायचं हा प्रश्नच उरत नाही. चॅनलचं हे मोठं सुख आहे आणि मोकळ्या प्रवाहात ते सहसा मिळत नाही.

मेश ४० गुणिले ५० गुणिले ३०, म्हणजे ६० हजार सेल. ही मेश पुरेशी आहे का हे ठरवायला सगळी अंतरं भिंतीच्या मोजपट्टीत आणा. घर्षण-वेग ०.००७९ धरला की ही मोजपट्टी ०.००२५ मीटर निघते. प्रवाहाच्या दिशेत सेल ०.१ मीटरची, म्हणजे ४० एकक. रुंदीत २६ एकक. भिंतीपासूनचं असं मोजलेलं अंतर म्हणजे वाय-प्लस. पहिल्या सेलचा मध्य त्यात साधारण २ वर येतो. लार्ज एडी सिम्युलेशनसाठी (यात मोठे भोवरे सोडवतात, छोट्यांना मॉडेल लावतात) प्रवाहाच्या दिशेत ५० ते १००, रुंदीत १५ ते २५ आणि भिंतीला १ च्या आसपास असा सर्वमान्य अंदाज आहे.

यातला रुंदीचा आकडा नवखे लोक पाहतच नाहीत. भिंतीला चिकटून संथ आणि वेगवान पाण्याचे लांबट पट्टे तयार होतात आणि दोन संथ पट्ट्यांमधलं अंतर सुमारे १०० एकक असतं. भिंतीजवळचा टर्ब्युलन्स, म्हणजे पाण्याची अस्ताव्यस्त खळबळ, याच पट्ट्यांवर जगतो. २६ एककांची सेल घेतली तर एका पट्ट्याच्या वाट्याला जेमतेम चार सेल येतात. म्हणून या केसमधली सरासरी वेगाची रेघ अनेकदा अपेक्षेपेक्षा वर जाते. आधी केस आहे तशी चालवा, मग रुंदीतल्या सेल दुप्पट करून चालवा आणि दोन आलेख एकावर एक ठेवा. मेशबद्दल वाचलेल्या दहा पानांपेक्षा हा एक प्रयोग जास्त शिकवतो.

चॅनल द्विमितीत कधीही चालवू नका. वेळ वाचतो, पण पट्टे, पट्ट्यांचं तुटणं, पुन्हा जुळणं हे सगळं तिसऱ्या मितीत घडतं. द्विमितीत जे दिसेल त्याला टर्ब्युलन्स म्हणता येणार नाही.

सुरुवातीची गंमत इथे सांगायलाच हवी. चॅनलमधला शांत, परवलयाकार प्रवाह छोट्या धक्क्यांना दाद देत नाही. ओर्झागने १९७१ मध्ये काढलेल्या उत्तरानुसार मध्यरेषेवरचा वेग आणि अर्धी उंची धरून रेनॉल्ड्स अंक ५,७७२ च्या पुढे गेला तरच अतिसूक्ष्म धक्का वाढतो. उलट किम, मॉइन आणि मोझर यांचं १९८७ चं गाजलेलं सिम्युलेशन याच मापाने ३,३०० च्या आसपास होतं, घर्षण अंक १८०, बिंदू सुमारे ४० लाख, आणि तिथे टर्ब्युलन्स अखंड टिकला. म्हणजे या प्रवाहाला जागं करायला मोठा धक्का लागतो, पण एकदा जागा झाला की तो परत झोपत नाही. तुम्ही नुसता परवलय देऊन रन सुरू केला आणि तासन्‌तास काहीच घडलं नाही, तर सॉल्व्हरला दोष देऊ नका. सुरुवातीच्या वेगात मध्यरेषेच्या वेगाच्या पाच-दहा टक्के त्रिमितीय गडबड मिसळा. तयार केसमध्ये सुरुवातीचं फिल्ड आधीच खवळलेलं दिलेलं असतं, म्हणून ही अडचण पहिल्यांदा लक्षात येत नाही. स्वतःची मेश बनवली की लगेच येते.

एकदा प्रवाह खवळला की तुम्ही धक्का कसा दिला होता ते तो विसरून जातो. वेळ मोजा अर्ध्या उंचीला घर्षण-वेगाने भागून : इथे सुमारे १२७ सेकंद. असे दहा काळ फेकून द्या, पुढच्या दहा-वीस काळांची सरासरी घ्या. टाइमस्टेप ०.२ सेकंद ठेवला, तर ०.१ मीटरच्या सेलमध्ये ०.१५ च्या वेगाने कूराँ अंक (एका टाइमस्टेपमध्ये पाणी सेलचा किती भाग ओलांडतं तो) ०.३ येतो, तो ठीक आहे. एकूण रात्रभराचं काम.

निकाल तपासताना भिंतीचे नियम मदतीला येतात. वाय-प्लस ५ च्या आत घर्षण-वेगाने भागलेला वेग आणि वाय-प्लस यांचा आकडा एकच यायला हवा. ३० च्या पुढे लॉगचा नियम, तोच वेग म्हणजे : वाय-प्लसचा नैसर्गिक लॉग भागिले ०.४१, अधिक सुमारे ५.२. मात्र ३९५ च्या अंकाला ही लॉगची पट्टी ३० ते ८० इतकीच असते, तेव्हा तिथे लांबलचक सरळ रेघ शोधत बसू नका. यापेक्षा पक्की कसोटी एकूण ताणाची आहे. चिकटपणाचा ताण आणि टर्ब्युलन्सचा ताण, लार्ज एडी असेल तर मॉडेलचा वाटाही धरून, यांची बेरीज भिंतीपासून मध्यापर्यंत सरळ रेषेत शून्यावर यायलाच हवी. हा संवेगाचा हिशेब आहे, त्यात मॉडेलची पळवाट नाही. रेघ वाकडी आली तर सरासरीचा काळ अपुरा आहे. रेघ सरळ आली म्हणजे सरासरी पुरेशी झाली, एवढंच. मेश बरोबर आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

आणखी एक : तुमचा घर्षण अंक नेमका ३९५ येणार नाही. आपण सरासरी वेग ठरवून दिलाय, भिंतीवरचा ताण निकालातून निघतो. केसच्या नावावर विसंबून आलेख काढू नका, ताण मोजून मगच भागाकार करा.

चौथी पायरी : मिक्सिंग लेअर

आता भिंत काढून टाका. वरचं पाणी उजवीकडे वेग १ ने, खालचं डावीकडे वेग १ ने, मध्ये हायपरबॉलिक टॅन्जंटचा गुळगुळीत बदल, थराची अर्धी जाडी १. चिकटपणा ०.००५. हा पहिला रन द्विमितीत चालेल, कारण भोवरा वळण्याची सुरुवात मुळात द्विमितीतच घडते. लांबीत पिरियॉडिक, वर-खाली निसरड्या (घर्षण नसलेल्या) सीमा.

चॅनलच्या नेमकं उलट वागणं इथे दिसतं. या वेगाच्या रेघेला मध्यावर वळणबिंदू (जिथे रेघेचा बाक उलटतो) आहे आणि तेवढ्याने प्रवाह अस्थिर होतो. चिकटपणाची मदतही लागत नाही. मिखाल्केने १९६४ मध्ये याचा हिशेब दिला : सर्वांत वेगाने वाढणाऱ्या लहरीचा तरंगांक ०.४४४६ आणि वाढीचा दर ०.१८९७. म्हणजे तरंगलांबी २ पाय भागिले ०.४४४६, सुमारे १४.१. धक्का दहापट व्हायला १२ एकक वेळ.

हा आकडा हाताशी असणं म्हणजे तयार उत्तरपत्रिका आहे. पेटीची लांबी चार तरंगांइतकी, ५६.५ घ्या. वर-खाली निदान ३०-३० एकक मोकळी जागा सोडा. लांबीत ५१२ सेल म्हणजे सेल ०.११ ची. उभ्या दिशेत मध्यावर तेवढीच, बाहेर जाताना विरळ. सुरुवातीला १४.१ लांबीची हजारांश उंचीची लहर द्या आणि उभ्या वेगाचा त्या लहरीतला भाग वेळेनुसार लॉग कागदावर मांडा. सरळ रेघ येईल. तिचा उतार ०.१९ पेक्षा थोडा कमी असेल, कारण चिकटपणा आहे आणि थर हळूहळू जाड होतोय. चिकटपणा कमी करत गेलात की उतार वर सरकला पाहिजे. निम्माच येत असेल तर पुढची पायरी वाचा.

धक्का दिलाच नाही तर? तरीही भोवरे उठतील. राऊंड-ऑफची (संगणकाने आकडे गोल करण्याची) चूक दहाच्या उणे सोळाव्या घाताइतकी असते, ती वाढून दिसू लागायला याच दराने दोनशेच्या आसपास एकक लागतात. मात्र तोवर थर जाड झालेला असतो, आणि उठलेले भोवरे तुमच्या कंपायलरचे असतात. मित्राच्या लॅपटॉपवर ते वेगळ्याच जागी उठतील. म्हणून धक्का स्वतः द्या, लिहून ठेवा आणि अहवालात सांगा.

पुढे शेजारचे दोन भोवरे एकमेकांभोवती फिरून एक होतात : चाराचे दोन, दोनाचा एक. ही जोडी केव्हा जमते हे दुप्पट लांबीची लहर सुरुवातीला किती होती आणि पहिल्या लहरीच्या तुलनेत कुठे सरकलेली होती यावर ठरतं. ती लहर थोडी सरकवून दोन रन करा आणि वेळेतला फरक पाहा. चॅनल जे विसरतो ते इथला प्रवाह बराच काळ लक्षात ठेवतो. ब्राउन आणि रोश्को यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छायाचित्रांत पूर्ण टर्ब्युलंट थरातही हे मोठे भोवरे स्पष्ट दिसले होते. थर पसरण्याचा दर वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळा निघतो, त्यामागे सुरुवातीतल्या फरकाचा मोठा हात आहे. तेव्हा तुमचा आकडा एखाद्या पेपरशी जुळला नाही तर आधी दोघांची सुरुवात ताडून पाहा.

पेटीत दोन भोवरे उरले की रन थांबवा. त्यानंतर प्रवाहाला वाढायला जागा नसते आणि तुम्ही आपल्याच पेटीचा अभ्यास करू लागता. पॅराव्ह्यूतलं चित्र तेव्हाही सुंदरच दिसतं, तोच तर धोका आहे.

पाचवी पायरी : स्कीम

पहिल्या दर्जाची अपविंड स्कीम (प्रवाह येतो त्या बाजूच्या सेलचा आकडा घेणारी) रन मध्येच बंद पडू देत नाही म्हणून सगळ्यांना आवडते. ती गुपचूप चिकटपणा वाढवते, टाइमस्टेप लहान असेल तर जवळजवळ वेग गुणिले सेल भागिले दोन इतका. आपल्या मिक्सिंग लेअरमध्ये तो ०.०५५ होतो, तुम्ही दिलेल्या ०.००५ च्या अकरा पट. दोनशेचा रेनॉल्ड्स अंक लिहून प्रत्यक्षात वीसच्या खालचा प्रवाह सोडवला जातो. दोन्ही केसमध्ये संवेगाच्या पदाला मध्यवर्ती, दुसऱ्या दर्जाची स्कीम ठेवा. रन पडला तर तो मेश अपुरी असल्याची तक्रार करतोय, असं मी तरी मानतो.

सहावी पायरी : सरासरीची मॉडेलं आणि जेट

कामाच्या ठिकाणी शेवटी के-एप्सिलॉन किंवा एसएसटी ही फक्त सरासरी प्रवाह सोडवणारी मॉडेलं वापरावी लागतात. भिंतीजवळ दोन वाटा आहेत. वॉल फंक्शन (भिंतीजवळचा वेग न सोडवता लॉगच्या नियमाने भरणं) लावायचं असेल तर पहिल्या सेलचा मध्य वाय-प्लस ३० च्या पुढे, नाहीतर भिंतीपर्यंत सोडवून १ च्या आसपास. मध्येच १० वर सेल ठेवणं सगळ्यांत वाईट, कारण तिथे ना पहिला नियम लागू होतो ना लॉगचा.

मोकळ्या प्रवाहात वाय-प्लसचा प्रश्नच नाही, म्हणून सोपं वाटतं. गोल नळीतून सुटलेला जेट (झोत) चालवून पाहा. प्रयोगात त्याची अर्ध-रुंदी अंतराच्या ०.०८६ ते ०.०९६ पटीने वाढते. मूळ के-एप्सिलॉन ०.१२ देतं. सपाट फटीतून सुटलेल्या जेटला मात्र तेच मॉडेल ०.१०८ देतं आणि प्रयोगाचे आकडे ०.१० ते ०.११ आहेत. मॉडेलचे स्थिरांक तेच, एक जेट जुळतो, दुसरा नाही. मेश कितीही बारीक केली तरी हा फरक जात नाही, त्यामुळे त्यात आठवडा घालवू नका.

जेटच्या बाजूच्या सीमा निसरड्या भिंती ठेवल्यात तर चूक तुमची असेल. जेट आजूबाजूचं पाणी आत ओढतो. बाजू बंद असल्या तर तो तेच पाणी फिरवून परत आणतो आणि पेटीत मोठा उलटा प्रवाह तयार होतो. बाजूंना दाब ठरवून देणारी, पाणी आत येऊ देणारी सीमा द्या. आउटलेटजवळ थोडा भाग मुद्दाम विरळ मेशचा ठेवून भोवरे तिथेच शांत होऊ द्या. तपासणी संवेगाची : प्रत्येक आडव्या छेदातून जाणारा संवेग जवळपास सारखाच राहिला पाहिजे. सतत घटत असेल तर सीमा चोरी करते आहे.

पावसाळ्यातली सोय

जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाईट केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि इन्व्हर्टर घरातल्या पंख्यांसाठी आहे. दर अर्ध्या तासाला निकाल डिस्कवर लिहिला जाईल अशी सेटिंग करा, शेवटचे दोन-तीनच ठेवून बाकी आपोआप पुसले जाऊ द्या, आणि रन नेहमी शेवटच्या लिहिलेल्या वेळेपासून सुरू होईल असं ठेवा. सरासरीचा हिशेबही पुन्हा सुरू करताना पुढे चालू राहतो ना, हे एकदा मुद्दाम रन थांबवून पाहा. गणपतीत रन लावून गावी गेलात आणि परत येऊन पाहिलंत तर सरासरी विसर्जनाच्या दिवसापासूनच सुरू झालेली, असं व्हायला नको.

यानंतर काय

दोन्ही केस जमल्या की मागे पायरी असलेलं चॅनल घ्या. पायरीच्या आधी भिंतीलगतचा प्रवाह, कोपऱ्यावरून सुटल्यावर मोकळी शिअर लेअर, आणि पुढे तीच पुन्हा तळाला टेकते. एकाच पेटीत दोन्ही काळज्या एकदम घ्याव्या लागतात. ले, मॉइन आणि किम यांनी १९९७ मध्ये पायरीच्या उंचीवरचा रेनॉल्ड्स अंक ५,१०० ठेवून हे थेट सोडवलं. प्रवाह पायरीच्या उंचीच्या ६.२८ पट अंतरावर तळाला टेकला. तुमच्या के-एप्सिलॉनच्या रनमध्ये हे अंतर पाचच्या आसपास आलं तर ते या मॉडेलचं ओळखीचं दुखणं आहे. लार्ज एडीत तसं आलं तर आधी इनलेटवरचा सीमास्तर (भिंतीलगतचा मंदावलेला थर) किती जाड आणि किती खवळलेला दिलाय ते पाहा, मग पेटीची रुंदी पायरीच्या निदान चौपट आहे का ते, आणि तळाजवळचा वाय-प्लस सगळ्यांत शेवटी.